लॉक बसवणारा हात

मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी यायच्या आधीच तिच्या चेनची तब्येत सांगणारे एक मिस्त्री होते. लोक त्यांना कानसेन म्हणत. हातातला पाना न थांबवता, मान वर न करता ते म्हणत, "ढिली झालीय. आठवड्याभरात येईल बघा." आणि आठवड्याभरात गाडीवाला खरोखरच गाडी ढकलत, घाम पुसत दारात उभा राही.

ही विद्या त्यांना त्यांच्या गुरूने दिली होती. तो म्हातारा मिस्त्री त्यांना डोळे मिटायला लावून चाकाशेजारी बसवी आणि विचारी, "काय म्हणतेय?" सुरुवातीचं वर्षभर चेन काहीच म्हणत नसे. मग एकदा बोलायला लागली ती कायमचीच.

कानसेनांचं गॅरेज घराच्या पुढच्या खोलीत होतं. मधल्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन आणि दोन्हींच्या मध्ये सदा उघडं दार. चाळीस वर्षं इकडून पान्याची खणखण आणि तिकडून मशीनची टकटक अशी जुगलबंदी चालली होती. नवराबायको एकमेकांकडे न बघता भांडत आणि न बघताच गोडही होत.

पण गेल्या सहा महिन्यांपासून कानसेनांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. मोठ्या कामात तो जाणवत नसे. चाकाचा नट पिळताना हात पूर्वीइतकाच दणकट. बारीक काही चिमटीत धरलं की मात्र बोटं थरथरू लागत. डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखं काही नाही, वयाचा कंप आहे, पण आता तो मुक्कामालाच आलाय असं समजा. कानसेनांनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मिस्त्रीचा हात कापतो हे एकदा चार तोंडी झालं की गाडी कोण आणून देणार? आणि गॅरेज बंद पडलं तर सकाळी उठून करायचं काय?

अशात एक दिवस मीटरवाल्या बाई आल्या. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचणं हे त्यांचं काम. वडिलांची बावीस वर्षांची मोटारसायकल त्या अजून ऐटीत चालवत.

"मिस्त्री, फक्त चेन बदला. बाकी गाडी ठणठणीत आहे."

"ताई, जरा इकडे या. हे दात बघा."

मागच्या चक्राचे दात झिजून एका बाजूला कलले होते, जोराच्या वाऱ्यात गवत कलतं तसे.

"या दातांवर नवी चेन चढवली तर दोन महिन्यांत तिचा जीव घेतील. पुढचं चक्र, मागचं चक्र आणि चेन, तिघांना एकदमच बदलायचं."

"म्हणजे सासू, सून आणि नणंद एकदम?"

"एकीची खोड दुसरीला लागते, ताई!"

आतून मशीन थांबवून आवाज आला, "सासऱ्याचं कुणी नाव घेऊ नका!" बाई खळखळून हसल्या.

कानसेनांनी इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं. आत ग्रीस आणि चिखलाचा बोटभर थर होता, तो खरवडला आणि पुढचं छोटं चक्र बदललं. मागचं चाक काढून मोठं चक्र बसवलं, त्याचे बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळले. चाक पुन्हा जागेवर आलं, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या, नवी चेन दोन्ही चक्रांवरून फिरली. आता राहिलं होतं लॉक.

लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी. तिच्यावर नखाएवढी एक पत्ती बसते, आकाराने थेट मासा. एकीकडे बंद डोकं, दुसरीकडे उघडी शेपटी. चेन जिकडे धावते तिकडे माशाचं डोकं हवं. शेपटी पुढे राहिली तर पत्ती कशाला तरी अडकते आणि एक दिवस निघून जाते. कानसेन आयुष्यभर हे काम स्टुलावर बसून, जोड चक्राच्या वरच्या अंगाला घेऊन करत आले होते. तिथे चेन पुढे धावते, म्हणून डोकं पुढे. बोटांना ते पाठ झालं होतं.

त्या दिवशी पत्ती चिमटीतून दोनदा खाली पडली. बाई बघत होत्या.

"ग्रीस लागलंय," कानसेन हसून म्हणाले. मग त्यांनी स्टूल सारलं, फरशीवर मांडी ठोकली, चाक फिरवून जोड खालच्या अंगाला आणला आणि कोपर लाकडी ठोकळ्यावर टेकवलं. आधार मिळताच हात स्थिर झाला. पत्ती बसली. डोकं पुढे, नेहमीसारखं.

अकराव्या दिवशी त्याच बाई गाडी ढकलत आल्या. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत चेन.

"उतारावर हळू चालले होते म्हणून बरं! खाडकन आवाज झाला. वळून बघते तर चेन रस्त्यावर आडवी पडलेली, सापासारखी."

"तुम्हाला लागलं का?"

"मला काय धाड भरलीय? पण मिस्त्री, त्या स्पेअर पार्टवाल्याची चांगली खरडपट्टी काढा. खोटा माल गळ्यात मारला तुमच्या."

कानसेनांनी चेन हातात घेतली. दोन कड्या आपटून वाकल्या होत्या, पण माल अस्सल होता. टोकाशी लॉकच्या नुसत्या पिना उरल्या होत्या, पत्ती गायब. आपण कुठे बसलो होतो, कोपर कशावर होतं, जोड वर होता की खाली, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. चेन निघताना चाकात अडकली असती तर? पुढचा विचार त्यांना करवेना.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. स्पेअर पार्टवाला समोर नव्हता. बाईंचा राग त्याच्यावर होता. आत मशीन टकटकत होतं. कानसेनांनी चेन खाली ठेवली. मग म्हणाले,

"ताई, माल खरा आहे. पत्ती मी उलटी बसवली."

"तुम्ही? काहीतरीच!"

"चेन वरून पुढे जाते आणि खालून मागे येते. त्या दिवशी जोड खाली होता. तिथे डोकं मागे हवं होतं. मी सवयीने पुढे केलं. माझा हात कापतो. सहा महिने झाले. तुम्हाला दिसू नये म्हणून खाली बसलो, आणि खाली बसलो म्हणून चुकलो."

मशीन थांबलं. गळ्यात टेप अडकवलेली बायको दारात येऊन उभी राहिली.

"सहा नाही, आठ महिने," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"मग चहाचा कप अर्धाच का भरते मी? तुम्हाला काय वाटलं, दूध आटलं घरातलं?"

"अगं बाई!" मीटरवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणून मलाही अर्धाच! आणि मी अख्ख्या गल्लीत सांगत सुटले, वहिनी चिक्कू आहेत म्हणून."

"तुमचा भरला असता तर यांना कळलं असतं ना."

कानसेन खाली ठोकळ्यावरच बसले. आठ महिने बायकोने घरी येणाऱ्या प्रत्येकाला अर्धा कप दिला होता. नावं ठेवून घेतली होती, आणि चकार शब्द काढला नव्हता.

"बोलली का नाहीस?"

"तुमची गोष्ट. तुम्हीच सांगायची होती."

कानसेन मीटरवाल्या बाईंकडे वळले. "ताई, मोठ्या चौकात एक गॅरेज आहे. तिथला मिस्त्री चांगला आहे. मी नवी चेन देतो, तुम्ही तिथे…"

"कशाला? माझी चूक झाली हे तोंडावर सांगणारा मिस्त्री सोडून मी तिकडे जाऊ? तिथे चूक झाली तर मला कोण सांगणार?"

"पण लॉक कोण बसवणार?"

"सरका बघू," बायको म्हणाली. "सुईत दोरा ओवणारे हात अजून शाबूत आहेत माझे."

नवी चेन कानसेनांनीच चढवली. जोड चक्राच्या वरच्या अंगाला आणला. बायकोने पदर खोचला, पत्ती चिमटीत धरली आणि डोळे बारीक केले.

"डोकं कुठे?"

"चाक फिरवतो, तूच बघ. इथे चेन कुठे पळतेय?"

"पुढे."

"मग?"

"डोकं पुढे. एवढं कळतं मला! पकड द्या."

टक्. पत्ती बसली.

"एवढंच? आणि यासाठी चाळीस वर्षं घर डोक्यावर घेतलंत?"

"एवढंच. पण रोज एवढंच जमलं पाहिजे."

कानसेनांनी खालून चेन बोटाने दाबून पाहिली. दोन बोटांची ढील, हवी तेवढीच. मग डोळे मिटून त्यांनी चाक फिरवलं. चेन मऊ आवाजात कुजबुजत होती. तिचं काही दुखत नव्हतं. हात जातोय म्हणून त्यांनी इतके दिवस उसासे टाकले होते. कान शाबूत आहेत, आणि आपल्या घरात आणखी दोन हात आहेत, याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते त्यांना एकदम सुचेना. मीटरवाल्या बाई निघाल्या तेव्हा ते त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

"काय हो मिस्त्री, काही राहिलं का?"

"तुम्ही परत आलात, ताई," ते म्हणाले. "दुसरं कुणी आलं नसतं."

"मग काय, गाडी डोक्यावर घेऊन हिंडू?" बाईंनी किक मारली आणि हात हलवत त्या चढावर दिसेनाशा झाल्या.

दुपारी दूधवाला आला. त्याची चेन गल्लीच्या तोंडापासूनच कण्हत होती. त्याने गाडी स्टँडवर लावायच्या आत, शेजारच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात कानसेन म्हणाले, "दात गेलेत. तिन्ही बदलायला लागतील. काम मी करीन, पण लॉक आमच्या ह्या बसवतात. माझा हात कापतो."

मग त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

दूधवाल्याने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "बसवू द्या की. संध्याकाळच्या फेरीला मिळेल ना?"

कानसेनांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"पाचला या," आतून उत्तर आलं. "माझी एक बाही राहिलीय."