न जेवता गेलेल्यांचे फोटो

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा ह्यांचा फोटो स्टुडिओ नवा होता. पुढं रंगवलेला पडदा आणि दोन स्टुलं, मागं प्रिंट धुवायची अंधारी खोली आणि वर आमचं बिऱ्हाड. खेड्यातून फोटोला आलेल्या बायका ह्यांच्यासमोर अंग चोरून बसायच्या. मान वर करा म्हटलं की आणखीच खाली बघायच्या. म्हणून ह्यांनी मला कॅमेरा शिकवला. ह्यांचा पोटाशी धरून वरून बघायचा मोठा डबा होता, माझा डोळ्याला लावायचा लहान. बायकांचे, बाळांचे फोटो मी काढायचे. पुढं लग्नाच्या ऑर्डरींनाही आम्ही दोघं मिळून जायला लागलो.

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा असेल. कृष्णाकाठच्या एका गावातले सुभेदार स्टुडिओत आले. फौजेतून निवृत्त होऊन गावी ऊस करत होते. धाकट्या मुलीचं लग्न होतं. वधूवरांचे फोटो आमच्या गावातला कुणीही काढील, म्हणाले, मला दुसरंच काम हाय. त्यांनी टेबलावर बोटानं मांडवाचा नकाशाच काढला. पुढं एक दार, तिथून माणूस आत येणार. अक्षता झाल्या की मधल्या पडद्यातून पंगतीला. जेवून हात धुतला की मागच्या दारानं बाहेर, बैलगाड्याही तिकडंच सोडायच्या. म्हणजे जेवलेला माणूस मागनं जाणार आणि न जेवलेला पुढनंच परत फिरणार.

"पुढनं जो बाहेर पडंल," सुभेदार म्हणाले, "त्याचा फोटो मला पायजेल."

थोरल्या मुलीच्या लग्नात भावकीतली बरीच माणसं अक्षता टाकून न जेवता गेली होती, असं त्यांना मागाहून कळलं होतं. कोण गेलं, कोण राहिलं, ह्यावर वर्षभर गावात दहा तोंडांनी दहा गोष्टी झाल्या. ज्याला विचारावं तो म्हणे, मी जेवलो की. आमच्याकडं लग्नाला येऊन न जेवता जाणं म्हणजे तोंडावर न बोलता दिलेली शिवीच. ह्या वेळी त्यांना पुरावा हवा होता. येणाऱ्यांचे फोटो ह्यांनी काढायचे, परत फिरणाऱ्यांचे मी. बाई बघून कुणी हटकणार नाही, असा त्यांचा हिशोब.

निघताना त्यांनी मला वेगळं सांगितलं. थोरला भाऊ येईल. उंच आहे, पांढरा फेटा, डाव्या पायानं जरा लंगडतो. तो आत आला आणि बाहेर गेला, हे दोन्ही पाहिजे. तेवढ्यावरून मला कळलं की बाकी सगळी ऑर्डर ह्या एका माणसासाठी होती. भाऊ गावातच राहायचे, ओढ्याच्या पलीकडं. पण दोघांचं बोलणं बंद होतं. लोक म्हणायचे, बांधावरून बिनसलं.

लग्न भर दुपारचं होतं. रस्त्याच्या कडेला रिकाम्या रानात मांडव घातला होता. दाराला केळीचे खुंट, वर आंब्याचे डहाळे, बाजूच्या झाडावर कर्णा बांधलेला. हे दाराच्या आत डबा घेऊन उभे राहिले. बाहेर पडणाऱ्यांची तोंडं दिसायला हवीत म्हणून मी दाराबाहेर, रस्त्याच्या अंगाला उभी राहिले.

येणारी माणसं फोटोला खूश होती. फेटे नीट करत, पोरांना पुढं घेत आत शिरत होती. अक्षता झाल्यावर माझं काम सुरू झालं आणि मला पहिल्याच फोटोला अवघडल्यासारखं झालं. आत येणारा माणूस चेहरा घेऊन येतो. बाहेर पडणारा आपल्याच नादात असतो, त्याला कुणी बघतंय हे ठाऊक नसतं. एक गृहस्थ मला बघून जागीच थबकले, हसले आणि मागं फिरून सरळ पंगतीला गेले. त्यांच्या पाठोपाठचे दोघंही फिरले. आत ह्यांनी त्यांचा पुन्हा येतानाचा फोटो काढला. एक म्हातारी मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माजा उपास हाय बाई," ती म्हणाली. "फोटोत उपास दिसंल का?"

नाही दिसणार, असं मी सांगितलं. मग तुज्या तोंडानं सांग त्यास्नी, असं बजावून ती उन्हातनं निघून गेली.

थोरले भाऊ त्यानंतर लगेचच बाहेर आले. लंगडणं मी दुरूनच ओळखलं. मी कॅमेरा उचलला तशी ते थांबले. रागावले नाहीत. फेट्याचा शेव मागं टाकला, सरळ उभे राहिले आणि खटका वाजल्यावरच हलले. मला वाटलं, झालं, सुभेदारांना हवं ते मिळालं. पण भाऊ घराकडं गेलेच नाहीत. रस्ता ओलांडून समोरच्या लिंबाखाली गेले. तिथं एक बैलगाडी सोडलेली होती. सगळ्या गाड्या मागं असताना ही एकच इथं का, हे मला सकाळपासून कळलं नव्हतं. गाडीत एक तरुण बाई बसलेली होती. भाऊ तिच्याशेजारी टेकले, तिनं फडकं सोडलं आणि दोघं घरची भाकरी खायला लागले.

मांडवात खपली गव्हाच्या खिरीचा वास सुटला होता, आणि मुलीचा सख्खा चुलता समोर झाडाखाली कोरडी भाकरी खात होता. बाहेर पडणारं कुणी राहिलं नव्हतं. मी पाणी मागायच्या निमित्तानं रस्ता ओलांडला.

तिनं कळशीतलं पाणी दिलं. माझ्याच वयाची होती. कपाळ मोकळं, हातात काही नाही. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "आक्का, नवरीचा शालू कसल्या रंगाचा हाय?"

हिरवा, मी म्हणाले, काठ लाल. मुंडावळ्या मोत्यांच्या. अंतरपाट धरला तेव्हा रडत होती का, हेही तिनं विचारलं. रडत नव्हती, मान खाली होती पण हसू दाबत होती, असं मी सांगितल्यावर तीही हसली. दोघी बरोबर वाढलेल्या. शाळेला एकाच वाटेनं जायच्या.

"मग आत का येत नाही?" मी विचारलं.

तिनं भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला. "मी आत गेले की बायका सरकून बसत्यात. बोलत कुणी न्हाई, पर सरकत्यात. लग्नात कुणाला कशाला सरकवायचं? कर्ण्यावर मंगलाष्टका ऐकल्या की मी समद्या."

बाकीचं तिच्या वडिलांनी दोन-चार वाक्यांत सांगितलं. तिचं लग्न सुभेदारांनीच जमवलं होतं. मुलगा साताऱ्याकडचा, त्यांच्याच पलटणीतला. लढाईत तो गेला. सहा महिन्यांनी सासरच्यांनी तिला माहेरी पोचवली. सुभेदार त्या वेळी सीमेवर होते. रजेवर आले, निवृत्त होऊन आले, पण भावाच्या दारात काही गेले नाहीत. बोलणं तेव्हापासून बंद होतं. बांधाचं लोकांनी आपलं ठरवलेलं.

"मी रुसून न्हाई निघालो," भाऊ म्हणाले. "ही हितं बसणार म्हनली. ही उपाशी असताना माज्या घशाखाली खीर उतरंल का?"

मी दाराशी परत आले. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तिथूनच मी गाडीकडं कॅमेरा रोखला आणि तिच्याकडं बघून हातानं विचारलं, काढू का? ती हो म्हणाली नाही. पण तिनं हात पुसला आणि पदर डोक्यावर नीट घेतला.

प्रिंट धुताना तो फोटो औषधाच्या पाण्यात वर आला. कडेला केळीचं पान, मधे पांढरा रस्ता आणि पलीकडं गाडीतली दोन माणसं. हे म्हणाले, हा द्यायचा नको. त्यांनी दाराचे फोटो सांगितलेत, दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला उघडं करायचं? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण नुसता भाऊ बाहेर पडतानाचा फोटो सुभेदारांच्या हातात गेला, तर तो फोटो खोटं बोलेल, असं मला वाटत होतं. त्यात जे होतं ते सगळं खरं होतं, तरीसुद्धा. दोन दिवस आमची धुसफूस चालली. शेवटी हे म्हणाले, तू काढलास, तूच दे.

आम्ही एस.टी.नं गावी गेलो. सुभेदार सोप्यात कॉटवर बसले होते. येणाऱ्यांचे फोटो त्यांनी भराभर चाळले. जाणाऱ्यांचं पाकीट उघडल्यावर मात्र चष्मा पुसून घेतला. एकेक फोटो बघून कॉटवर वेगळा टाकत होते. म्हातारीच्या उपासाचं मी सांगितलं, तर तो फोटो त्यांनी परत पाकिटात सरकवला. मग भावाचा आला. तो त्यांनी ह्यांच्यासमोर धरला.

"बघितलासा? ताठ हुबा ऱ्हाऊन काढून घेतलाय. मला दावायसाठी."

मी म्हणाले, त्याच्यानंतरचा बघा.

तो त्यांनी बराच वेळ बघितला. आधी ओळखलं नसावं. मग डोळ्यांजवळ नेला.

"ही कुठं हुती?"

"समोर, लिंबाखाली. सकाळपासून."

"आत आली न्हाई?"

"नाही."

त्यांनी बायकोला हाक मारली आणि फोटो तिच्या हातात दिला. त्या माउलीनं फोटो दाराच्या उजेडाकडं धरून बघितला. मग हळू आवाजात म्हणाली, "आवं, मूळ धाडलं तवा घरच्यास्नी समद्यास्नी या म्हनलं हुतं. तिला येगळं न्हाई म्हनलं. म्हनायला पायजे हुतं, माज्या मनात आलंबी हुतं. पर पाव्हण्यांच्या बायका काय म्हनतील, ह्या भ्यानं ऱ्हायलं."

कॉटवर पडलेले बाकीचे फोटो सुभेदारांनी एकदा बघितले आणि तसेच ठेवून उठले. पायात वहाणा घातल्या, टोपी घेतली. आम्हाला बसा म्हणाले आणि ओढ्याच्या दिशेनं चालत गेले. बायको त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत दारात उभी राहिली, मग आम्हाला जेवायला वाढायला आत वळली. तासाभरानं ते परतले. चेहऱ्यावरून काही कळेना. बायकोनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की, दादा रानात हुता. पोरगी हुती. चा दिला तिनं.

आम्ही सांगलीला परत आलो. पुढं त्या घराकडून ऑर्डर आली नाही आणि आपण केलं ते बरं की वाईट, हे मला कळायला मार्ग राहिला नाही. लग्नाचे फोटो काढताना मात्र सवयच लागली. दारातून आत येणारे मोजून झाले की मी एकदा बाहेर चक्कर मारायची. कधी कुणी गाडीत बसलेलं असायचं, कधी वाजंत्र्यांमागं, कधी विहिरीच्या थारोळ्यावर. असतंच कुणी ना कुणी. त्या सगळ्यांचे फोटो मी काढले नाहीत. सगळ्यांना ते नकोही असायचे.

चार-पाच वर्षांनी सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला आम्ही मिरजेला गेलो. इस्पितळात सकाळी डोळ्यांत थेंब घालायला एक नर्स आली. पांढऱ्या साडीत मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं.

"आक्का, तुमी फोटोवाल्या न्हवं?"

मॅट्रिक ती आधीच झालेली होती. मिरजेला नर्सिंग शिकवतात हे तिला शाळेच्या बाईंनी सांगितलं होतं, वडील तयार नव्हते, मग झाले. मी त्या दिवसाचं विचारलं. सुभेदार आले आणि पुढं काय झालं?

ती खुर्ची ओढून सासूबाईंच्या उशाशी बसली. काका आला, म्हणाली, आणि दारातच उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना. चहा केला तर कप हातात धरून राहिला. मग एकदम म्हणाला की, मी तुझं लगीन जमवलं ते चुकलं.

"मी म्हनलं, लगीन न्हाई चुकलं काका. मानूस लय चांगला हुता. लढाई झाली, त्याला तू काय करनार?"

आत्ता बोलतानाही तिचा आवाज बदलला नाही. तेव्हा मात्र काका तिथंच उंबऱ्यावर बसला, लहान पोरागत रडला, आणि चहा गार झाल्यावर पिऊन गेला. मग रोज नाही, पण येऊ लागला. वडिलांशी एकदम बोलला नाही. दोघं आधी पाण्याच्या पाळीवर बोलले, मग ऊसतोडीवर. तिच्या लग्नाच्या विषयावर अजून दोघांचं बोलणं नाही. आता होईल असंही तिला वाटत नव्हतं.

"पर आता एकमेकाच्या घरी जेवत्यात," ती म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी हाक मारली. तिनं सासूबाईंची मान हलकेच मागं केली, दोन बोटांनी पापणी उघडली आणि जरा चुरचुरेल हां आजी, म्हणत थेंब घातले. सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. तो हळूच सोडवून ती पुढच्या खाटेकडं गेली.