सिल्लेवानीच्या घाटात मला पाहिलं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत काकांनी कुणाची तरी जीप आणली आणि आई, बाबा, काका-काकू आणि मी सक्करदऱ्याहून सिल्लेवानीच्या घाटात सहलीला निघालो. मला इतिहासाचं वेड. देवगडच्या गोंड राजांचा मुलूख दिसणार म्हणून मी वही-पेन्सिल घेतली. आईने मात्र नवी जांभळी साडी नेसायला लावली. सहलीला साडी कशाला, विचारलं तर ती डबे भरत राहिली.

घाटमाथ्यावर आधीच एक कुटुंब सतरंजी टाकून बसलं होतं. काकांनी आश्चर्य दाखवलं, पण तिथे आमच्यापुरत्याही पत्रावळी मांडलेल्या होत्या. तेव्हा मला कळलं, ही सहल मला दाखवायला होती.

मुलगा सरकारी कचेरीत कारकून. मान खाली घालून चिवडा खात होता. त्याच्या वडिलांनी दरीकडे बोट दाखवून जुनी वाट कुठून उतरायची ते सांगितलं. मी भान विसरून वही उघडली, प्रश्न विचारू लागले. ते हसले आणि आईला म्हणाले, पोरीला जरा त्या वळणापर्यंत चालून येऊ द्या. पायात दोष नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी वळणापर्यंत गेले आणि तशीच पुढे चालत राहिले. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. छिंदवाड्याकडे जाणारा ट्रक शेजारून गेला. थांबवला असता, तरी ड्रायव्हरला कुठलं गाव सांगणार होते? मी कठड्यावर बसले.

थोड्या वेळाने आई धापा टाकत आली.

"आई, मले आत्ता लग्न नाही करायचं. एम.ए. करायचं आहे मले."

तिने पदराने माझा चेहरा पुसला. "मले तरी कोणी विचारलं होतं वं?" ती हळूच म्हणाली. "चाल आता. ते लोक वाट पाहून राहिले."

परत येताना तिने माझं मनगट सोडलं नाही. मुलाने पहिल्यांदाच वर पाहिलं, वहीत काय लिहिता म्हणून विचारलं. मी वही मिटली.

परतीच्या जीपमध्ये आई आणि काकूच्या मध्ये दाटीवाटीने बसले. काका पुढून मुहूर्ताचं बोलत होते. सावनेर येईपर्यंत महिनाही ठरला. तिची परीक्षा तेवढी होऊ द्या, बाबा म्हणाले. दिवसभरात माझ्या बाजूने कुणी बोललं ते एवढंच.

वैशाखात लग्न झालं. नवरा वाईट नव्हता. पुढे दोनदा त्याने विचारलं, घाटात फिरायला जाऊ या का. दोन्ही वेळा मी घरातली कामं सांगितली.