पाटलांची कोरडी पाठ

हणमंतराव पाटील यांची व माझी ओळख माझ्या लग्नाच्या मांडवात झाली. ते माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, आणि आमच्या गावचे पोलीस पाटील. आमच्या गावाची शीव मादन हिप्परग्याच्या शिवेला लागून आहे, आणि त्या काळी निजाम सरकारचा अंमल होता. मी पाया पडण्यासाठी वाकले, तेव्हा त्यांनी आशीर्वादाचा हात मध्येच थांबवून विचारले, "पोरी, तुझ्या माहेरच्या कुणाची फिर्याद आमच्या चावडीत न्हाई न्हवं?" मी नाही म्हणून मान हलवली. मगच तो हात माझ्या डोक्यावर आला. असा प्रश्न विचारणारा माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता व नंतरही पाहिला नाही. त्यांच्याविषयी कोणीतरी लिहावे असे मला फार वर्षे वाटत होते. उतारवयात प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकल्यावर ते काम मीच करीत आहे. पुढील हकीकत घडली त्या दिवसांत मी पहिल्या पंचमीसाठी माहेरी गेले होते. सासूबाई कलाबाई यांनी ती मला इतक्या वेळा सांगितली की तिच्यातील शब्दही माझे राहिलेले नाहीत, त्यांचेच आहेत.

हणमंतरावांना पाटीलकी वडिलांकडून मिळाली, तेव्हा ते तरुण होते. पहिल्याच वर्षी त्यांच्या चुलतभावाचे बैल एका शेतकऱ्याच्या करडईत शिरले. भावाला त्यांनी नुसते रागावून सोडून दिले. पुढच्या बाजारच्या दिवशी त्या शेतकऱ्याच्या बायकोने भर बाजारात हणमंतरावांच्या पत्नीला, वच्छलाबाईंना, गाठले आणि मोठ्याने सुनावले, "पाटलीणबाई, तुमच्या घरचे बैल चरून झाले की निरोप धाडा. मग आम्ही पेरणी करतो." बाजार हसला. वच्छलाबाई भाजी न घेताच घरी आल्या. त्या दिवशी हणमंतरावांनी बसवण्णाच्या देवळात शपथ घेतली की, यापुढे आपले मन ज्याच्याकडे ओढ घेईल, त्याच्या विरुद्ध निकाल द्यायचा.

शपथ त्यांनी पाळली. त्यामुळे असे झाले की, चावडीत पाटलांचे नातेवाईक हरू लागले. मावसभाऊ हरला, मेहुणा हरला, वच्छलाबाईंचा मामा तर फिर्याद त्याचीच असूनही गुन्हेगार ठरला. पाहुणे मंडळी गावात येताना पाटलांच्या दारावरून जाणे टाळू लागली. गावकरी हे सर्व पाहत होतेच. ज्याला फिर्याद करायची असेल, त्याने आधी पाटलांशी भांडण काढावे असा गावाचा रिवाजच पडला. बंडेप्पा नावाच्या शेळ्यावाल्याचे कुणाशी वाजले की तो सकाळी पाटलांच्या दारासमोर उभा राही आणि त्यांच्या मिशांपासून त्यांच्या घोड्यापर्यंत सर्वांना नावे ठेवी. आत चुलीपुढे बसलेल्या वच्छलाबाई शांतपणे म्हणत, "अहो, उठा. फिर्यादी आलाय."

कलाबाई या पाटलांच्या थोरल्या बहीण. त्यांना गावातल्या गावात दिलेले होते. पती वारले होते, मुलगा, म्हणजे माझे यजमान, अजून कोवळा होता, आणि उत्पन्न म्हणजे ओढ्यापलीकडचे एक शेत. त्या शेताला जाणारी गाडीवाट शेजारी महादेवप्पा याच्या बांधावरून जात असे. कलाबाईंच्या सासऱ्यांच्याही आधीपासून ती वाट होती. त्या वर्षी श्रावण लागताच महादेवप्पाने वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या.

याचे कारण माझे लग्न होते. लग्नात महादेवप्पाला चुकून दुसऱ्या पंगतीला बसवले गेले, आणि दुसरी पंगत बसेपर्यंत होळगीवर, म्हणजे पुरणपोळीवर, वाढायचे तूप संपले होते. शेजारशेतकरी असून आपल्या पानावर कोरडी होळगी पडली, हे दुःख त्याने उन्हाळाभर पोटात ठेवले व पावसाळ्यात वाटेवर आणून टाकले.

शेतात मूग होता. पंचमीनंतर शेंगा तोडून खळ्यावर आणायच्या होत्या. दुसरी वाट ओढ्यातून होती, पण ओढ्याला पाणी होते. गाडी गेली नाही तर शेंगांना झाडावरच मोड फुटणार, आणि मूग गेला तर वर्षभर घरात काय शिजवायचे, हा कलाबाईंपुढचा प्रश्न होता.

त्या भावाच्या घरी गेल्या. हणमंतराव ओसरीवर बसले होते. बहिणीच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखले व दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अक्का, घरात सांगू नगंस. चावडीत ये."

"अरे, पाणी तरी पिऊ देशील का चावडीतच पाजणार हाईस?"

"पाणी वच्छला देईल. मी उठून आत जायलोय."

आणि ते खरोखर आत गेले.

चावडीत पंच म्हणून वृद्ध शिवय्या स्वामी बसले होते. हणमंतरावांनी डोक्याचा रुमाल नीट बांधला, घसा साफ केला व बहिणीकडे न पाहता विचारले, "फिर्यादीचं नाव काय?"

कलाबाई म्हणाल्या, "हणम्या, तुझा पाळणा हलवून हलवून माझा हात उतरला, अन् मला नाव विचारायलास?"

"चावडीत हणम्या म्हणायचं न्हाई. पाटील म्हणायचं."

"बरं, पाटील. मी तुमच्या आईची लेक."

लोक हसले. महादेवप्पा मात्र तयारीने आला होता. सकाळपासून त्याने पारावर बसून पाटलांची यथेच्छ निंदा केली होती, आणि चावडीची पायरी चढतानाही "असल्या पाटलापेक्षा बुजगावणं बरं" असे म्हणून तो आत आला. हणमंतरावांनी ते ऐकले आणि त्याला जवळची जागा दिली.

वाट पूर्वीपासून आहे, हे शिवय्यांनी सांगितले. चावडीत बसलेल्या कितीतरी जणांनी त्या वाटेने आपल्या गाड्याही नेल्या होत्या. तरी हणमंतराव म्हणाले, "मला महादेवप्पाची बाजू खरी वाटायली."

"कामून?" शिवय्यांनी विचारले.

"कामून म्हणजे, माझं मन अक्काकडं ओढ घ्यायलंय. जिकडं मन, तिकडं निकाल न्हाई. शपथ हाय माझी."

"पाटील, मनाला उलटं टांगलं तरी ते मनच की हो," शिवय्या म्हणाले. पण हणमंतरावांनी ते मनावर घेतले नाही. पंचमीचा सण तोंडावर असल्यामुळे निकाल सणाच्या दुसऱ्या दिवशी सांगण्याचे ठरले. तो काय असेल, हे सर्वांना आधीच ठाऊक होते.

कलाबाईंनी घरी येऊन विचार केला. गावाचा रिवाज त्यांनाही माहीत होता. भावाला शिव्या दिल्या तर तो आपल्याकडे झुकेल, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर खोचून पाटलांच्या दारासमोर उभ्या राहिल्या. शेजारच्या बायका घागरी खाली ठेवून पाहू लागल्या.

"बाहेर ये मेल्या!" कलाबाई गरजल्या, आणि हणमंतराव ओसरीवर येताच पुढे म्हणाल्या, "लाज न्हाई तुला! रात्रभर खोकायलास म्हणं! आडुळशाचा काढा कोण घेणार, तुझा शेजारी? अन् हे धोतर बघा, पायात यायलंय. पडशील न्हवं कुठंतरी! वच्छला, ह्याला काही खायला घालतेस का न्हाई? गालफडं बघ कशी बसलीत!"

आतून वच्छलाबाई म्हणाल्या, "अहो, फिर्यादी न्हाई. अक्का आल्यात. काढा उकळायला ठेवते."

बायका घागरी उचलून हसत गेल्या. झाले ते उलटेच झाले. बहिणीची माया साऱ्या आळीने पाहिली, आणि हणमंतरावांचे मन आणखी जोराने ओढ घेऊ लागले. बहीण घरी परतताच त्यांनी त्याच ओसरीवरून निरोप पाठवला, "निकाल लागेपर्यंत फिर्यादीकडून मी काही घेणार न्हाई. पंचमीचं दूधसुद्धा न्हाई."

येथे आमच्या भागातील एक चाल सांगितली पाहिजे. पंचमीच्या आदल्या दिवशी बहीण भावासाठी उपवास करते. पंचमीला ती वारुळाला दूध वाहते, आणि उरलेले दूधतूप बोटांनी भावाच्या उघड्या पाठीला लावून म्हणते, "पोट थंड राहो, पाठ थंड राहो." भाऊ तिला चोळी देतो. ज्याच्या पाठीला दूध लागले नाही, त्याला त्या दिवशी गावात उघड्या अंगाने फिरण्याची लाज वाटते. कलाबाईंनी जाणत्या वयापासून हे व्रत कधी चुकवले नव्हते.

निरोप ऐकून त्यांना जेवढे वाईट वाटले, तेवढे काट्या पाहूनही वाटले नव्हते. तरी त्यांनी उपवास केला. पंचमीला वारुळाची पूजा करून त्या दुधाची वाटी हातात घेऊन बायकांबरोबर परत निघाल्या. पारावर गावातील पुरुष आपापल्या ओल्या पाठी मिरवीत बसले होते. महादेवप्पा मात्र अंगरखा घालून एका कडेला बसला होता. त्याला बहीण नव्हती. दर पंचमीला तो सर्वांगावर कपडे घालून बसे आणि विचारल्यास थंडी वाजते असे सांगे.

कलाबाई थांबल्या. वाटीकडे पाहिले, मग त्या अंगरख्याकडे पाहिले. मला त्या नेहमी सांगत की, त्या क्षणी मनात डाव अर्धा होता व कीव अर्धी होती, आणि कोणते आधी आले हे त्यांना कधीच कळले नाही.

त्या पाराजवळ गेल्या. "महादेवप्पा, अंगरखा काढ."

"काय करायलाव, कलाबाई?"

"पंचमी करायले. काढ लवकर, दूध सांडायलंय."

एवढ्या बायका उभ्या असताना दुधाला नाही म्हणणे कोणत्याही पुरुषाला शक्य नव्हते. त्याने अंगरखा काढला. कलाबाईंनी दूधतुपाची बोटे त्याच्या पाठीवरून फिरवली आणि म्हणाल्या, "पोट थंड राहो, पाठ थंड राहो, अण्णा." महादेवप्पा मान खाली घालून बसला. त्याच्या नाकातून आवाज आला. तो म्हणाला, पडसे झाले आहे.

पारावरून शिवय्या स्वामींनी सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "म्हणजे आता महादेवप्पा पाटलांचा भाऊ झाला की हो?"

महादेवप्पाचे पडसे जागच्या जागी बरे झाले. पाटलाचा भाऊ! म्हणजे चावडीत हरलाच! तो तसाच उघड्या अंगाने पाटलांच्या दारी धावला व त्याने ठेवणीतल्या शिव्या काढल्या. हणमंतराव बाहेर आले, त्याच्या ओल्या पाठीकडे पाहिले, आणि वच्छलाबाईंना म्हणाले, "बोलू दे गं. घरचा माणूस हाय."

दुसऱ्या दिवशी चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. हणमंतराव बसले. त्यांनी डावीकडे पाहिले, बहीण होती. उजवीकडे पाहिले, बहिणीने केलेला भाऊ होता. मन दोन्हीकडे ओढ घेत होते, आणि दोघांच्याही विरुद्ध निकाल देता येत नव्हता. शेवटी नाइलाज होऊन त्यांनी इतक्या वर्षांत प्रथमच विचारले, "बरं, वाट खरी कुणाची होती?"

"कलाबाईची!" सारी चावडी म्हणाली. बंडेप्पाही म्हणाला, आणि त्याने त्या दिवशी कुणालाही शिवी दिली नव्हती.

"मग माझा हुकूम असा की..."

"थांबा पाटील," महादेवप्पा उठला. "काट्या मी सकाळीच काढल्यात. बहिणीनं दूध लावलं अन् ह्यानं काट्या लावल्या, असं लोक म्हणतील. वाट ही माझी अक्काला पंचमीची चोळी."

"चोळी न्हाई, हुकूम हाय!" हणमंतराव ओरडले. "चावडीत निकाल लागत असतो!"

"काट्या निकालाच्या आधी निघाल्यात. चोळीच ती!"

"हुकूम!"

"चोळी!"

दोघेही उभे राहिले. कलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, हुकूम म्हणा का चोळी म्हणा, माझा मूग भिजायलाय!"

महादेवप्पाने फक्त एक अट घातली. पुढच्या कार्याला आपले पान पहिल्या पंगतीत असावे, आणि होळगीवर तूप आधी आपल्याला वाढावे. कलाबाईंनी ती मान्य केली, आणि माझ्या थोरल्या मुलाच्या जावळाला ती पाळलीही गेली. तूप वाढणारी मीच होते. हणमंतरावांनी मात्र मरेपर्यंत तो हुकूमच होता असे सांगितले. तरी त्या दिवसानंतर ते निकालाआधी वाट कुणाची, बैल कुणाचे, असे प्रश्न विचारू लागले. बंडेप्पाने काही दिवस सवयीने शिव्या देऊन पाहिल्या, पण उपयोग होईना, म्हणून सोडून दिल्या.

मूग त्या वाटेने खळ्यावर आला. शेवटची गाडी रिकामी करून कलाबाई दुपारी घरी आल्या, तर ओट्यावर हणमंतराव बसलेले होते. रुमाल व अंगरखा बाजूला नीट घडी करून ठेवलेले होते, आणि त्यांनी दाराकडे पाठ केली होती. कलाबाई आत गेल्या आणि उगाचच भांडी वाजवू लागल्या. मग मागे वळून न पाहता, चावडीतला एकही शब्द न वापरता, ते म्हणाले,

"अक्का, माझी पाठ कोरडी राहिलीय. दूध लाव."