लोधिवलीच्या अलीकडची पाणपोई

दगड बघायला मी कुठेही जाते. वीरगळ, मैलाचे दगड, हुतात्म्यांचे स्तंभ. घरचे म्हणतात, हिला माणसांपेक्षा दगड बरे वाटतात. त्यामुळे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची स्मारकं बघायला कर्जत-चौककडे जायचं ठरवलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आईचं. "मीही येते," ती म्हणाली. "आपली पाणपोई आहे का बघू."

मी चपापले. माझा भाऊ मंदार नऊ वर्षांचा असताना त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेला. अप्पा तेव्हा खालापूरच्या कचेरीत नोकरीला होते. अपघात झाला त्या जागी त्यांनी त्याच्या स्मरणार्थ पाणपोई बांधली, वर संगमरवरी पाटी लावली, आणि वर्षभरात बदली मागून आम्ही पुण्याला आलो. पुन्हा तिकडे कुणी गेलं नाही. घरात त्याचं नावही कुणी घेत नाही. आई फार तर 'तो होता तेव्हा' म्हणते. आता रस्ता रुंद झाल्याचं तिने कुठूनतरी ऐकलं होतं.

पुण्याहून सकाळच्या गाडीने कर्जत गाठलं. गाडी कर्जतला थांबते ना, हे आधी बघून घ्या. सगळ्या थांबत नाहीत. वडापाव खाऊन हुतात्म्यांच्या स्मारकापाशी गेलो. आईने चष्मा लावून एकेक नाव वाचलं, मी फोटो काढत बसले. खरं सांगते, एसटी स्टँडवर येईपर्यंत मला त्यातलं एकही नाव आठवेना. स्वतःचाच राग आला.

पनवेलची गाडी लगेच मिळाली, लोधिवलीचं तिकीट काढलं. बायकांना अर्धं तिकीट; पंचाहत्तरी झाल्यामुळे आईला तेही नाही, आणि याचा तिला केवढा तोरा! मांडीवरच्या पिशवीत तिने पाणपोईसाठी नवंकोरं ओगराळं कागदात गुंडाळून आणलं होतं.

"पाणपोईच नसली तर?" मी विचारलं.

"तर परत नेऊ. ओगराळं काय नासतंय?"

चौक गाव मागे पडलं. पाचेक मिनिटांनी कंडक्टरने घंटी ओढली.

"मंदार! मंदारवाले कोन हाय? पुढं या!"

आईने माझं मनगट घट्ट धरलं. वाडीवरच्या दोन बाया करवंदांच्या पाट्या सावरत उठल्या.

"मंदार म्हणजे?" मी कसंबसं विचारलं.

"थांबा हाय. तुमी बसा ताई, लोधिवली पुढं हाय."

पण आई केव्हाच उठली होती.

थांब्यावर किराणा दुकानाच्या पत्र्याखाली दोन रांजण, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. पाटी कुठेच नव्हती. दुकानवाल्या बाई बाहेर आल्या, साधारण माझ्याच वयाच्या; हमीदाबी हे त्यांचं नाव नंतर कळलं.

"इथे पाटी होती," आई म्हणाली.

"रस्ता वाढला तवा फुटली, मावशी. मंग सासऱ्यांनी रांजण हितं आनले. पयले ते भरायचे, आता मी भरते."

"म्हणजे नाव गेलंच."

"जातंय कुटं? मंदारचं पानी म्हनत्यात सगळे. गाडीपन त्याच नावानं थांबते. कोन व्हता ते नाय म्हायती. मोटा मानूस आसंल कुनी."

"नाही गं," आई म्हणाली. "लहान होता. माझा मुलगा, मंदार."

मला रडू आवरेना. हमीदाबींनी रांजणातून पाणी काढून पेला आईच्या हातात दिला. पाणी गार होतं. आईने नवं ओगराळं त्यांना दिलं आणि जुनं, पोचे आलेलं, मागून घेतलं. वीरगळ बघायचे राहिले. मला त्याचं काही वाटलं नाही.

ते जुनं ओगराळं आता आमच्या माठावर असतं. परवा स्वयंपाक करता करता आई एकदम म्हणाली, "मंदार पाणी प्यायला की अर्धं शर्टावर सांडायचा."

मी गॅस बारीक केला. "आणि?"

आणि ती सांगत बसली.