सगुणीचा पणतू

कारखान्यात कुणाच्या घरी लग्न ठरलं की पेढे यायचे. आम्ही पेढा आधी तोंडात टाकायचो आणि मग विचारायचो, कुणाचं ठरलं म्हणून. माझा जोडीदार मिस्तरी तसं करत नसे. पेढा चिमटीत धरून तो देणाऱ्याला विचारायचा, "मुलीला विचारलं होतं का?"

"म्हणजे काय! विचारलं ना."

"मग काय म्हणाली?"

आता मुलगी काय म्हणाली हे त्या काळी कुठल्या बापाला ठाऊक असायचं? बाप डोकं खाजवत उभा. मिस्तरी मान हलवून पेढा खायचा, कारण पेढा त्याला आवडायचा. एकदा एका फिटरने हौसेने पिंजऱ्यातला पोपट विकत आणला, तर त्यालाही तेच विचारलं. फिटर म्हणाला, "कुणाला? बायकोला?" मिस्तरी म्हणाला, "नाही, पोपटाला."

आम्ही त्याला येडा समजायचो. मीसुद्धा. तुम्हीही समजला असता.

मी मूळचा भुसावळकडचा. शाळा चौथीपर्यंत, पुढे रेल्वेने शिकवलं. झाशीच्या कारखान्यात मालगाडीच्या डब्यांना रिबिटं मारायचं काम होतं. कोळशाच्या इंजिनांचे दिवस ते. रिबिट मारायला माणसं दोन लागतात. एक डब्याच्या आत, एक बाहेर. भट्टीतून लाल झालेलं रिबिट भोकात घालायचं, आतल्याने जड लोखंडाची डॉली त्याच्या डोक्याला दाबून धरायची आणि बाहेरच्याने घण मारून दुसरं टोक चपटं करायचं. मध्ये पत्रा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. मग ठोक्यांवर बोलायचं. आतून एक ठोका म्हणजे धरलंय, मार. दोन म्हणजे थांब. आतल्याची पकड सैल झाली तर रिबिट फुकट जातं, हात मोडला तर वेगळंच. डॉली धरणारा मी आणि घण मारणारा मिस्तरी. एकोणीस वर्षं आमची जोडी टिकली आणि माझं एक बोटही वाकडं झालं नाही. कारखान्यात असं सांगणारा दुसरा कोणी भेटला तर मला दाखवा.

मिस्तरी झाशीचाच. बाहेर बुंदेली बोलायचा, घरी मराठी. मराठी पण कशी! नगरा नावाच्या वस्तीत त्याचं दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याखाली चूल, आणि हा चुलीकडे बोट दाखवून म्हणायचा, "भाऊसाहेब, मुदपाकखान्यात बसू या, तिथे ऊब आहे." मी हसून लोळायचो. एवढा राजवाड्यातला शब्द याच्या चुलीला कुठून चिकटला, हे मात्र कधी विचारलं नाही. मला तो भाऊसाहेब म्हणायचा तेही चिडवायलाच. माझा ताठा त्याला ठाऊक होता.

मग एका स्वातंत्र्यदिनी कारखान्यात लाडू वाटले. कुणी पाहुणे आले होते, त्यांनी भाषण केलं की ही झाशीची माती, हिने गुलामी कधी सोसली नाही. मी जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारून मिस्तरी लाडू फोडत म्हणाला, "आमच्या पणजीने सोसली होती."

"इंग्रजाची ना?" मी म्हटलं.

"इंग्रज कशाला? आपल्याच माणसांची. बटीक होती ती."

मी तापलो. म्हटलं, "मिस्तरी, तोंड सांभाळ. झाशीत गुलाम? अरे, आख्खा देश या गावाचं नाव घेतो स्वातंत्र्यासाठी!"

"घेऊ दे की. मी कुठे नको म्हणतो? मीही घेतो," तो शांतपणे म्हणाला. "पण स्वातंत्र्य वरच्या मजल्यावर राहायचं, भाऊसाहेब. खाली जातं होतं, आणि जात्यावर पणजी."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. एकवीस दिवस. काम चालू, कारण काम ठोक्यांवर चालतं. तो बाहेरून घण मारायचा, मी आतून डॉली धरायचो आणि जेवणाच्या सुट्टीत पाठ करून बसायचो. मधल्या काळात आमच्या हजेरीच्या कचेरीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनाला गाठलं. किल्ल्याखालच्या जुन्या मराठी घराण्यातला माणूस. म्हटलं, हा खोटा पडला की मग बोलू. कारकून चष्मा पुसत म्हणाला, "होत्या की. कुणबिणी, बटकी. आमच्याकडेच चार होत्या म्हणे. पण हं, अगदी घरच्यासारख्या वागवत."

बाविसाव्या दिवशी मी मिस्तरीपुढे माझा डबा सरकवला आणि कारकुनाचं बोलणं सांगितलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "घरच्यासारख्या. बरोबर आहे. घरच्यांना मात्र कुणी विकत नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याने आजीकडून ऐकलेलं. पणजी सात-आठ वर्षांची असताना दुष्काळात विकली गेली, तिकडे दक्षिणेत. ज्यांनी घेतली त्यांची मुलगी झाशीच्या एका सरदारी घरात दिली. मुलीबरोबर आंदण आलं. भांडी, पलंग, दुभती गाय आणि ही. आईबापांनी ठेवलेलं नाव पुढे तिलाच आठवेना. इथे सगळे सगुणी म्हणायचे. पाणी भरणं, दळणं, कांडणं, मालकिणीचे पाय चेपणं. गावाचं एवढंच आठवायचं की दारात पोफळी होत्या.

"पोफळी म्हणजे काय हो, भाऊसाहेब? आमच्या घरात तीन पिढ्या शब्द आहे, पाहिली कुणी नाही."

मी खानदेशातला. मलाही ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणेन तर मी कसला! ठासून सांगितलं, "भोपळ्याचीच जात असते." बिचाऱ्याने दोन वर्षं खरं मानलं. मग कोकणातला एक गार्ड बदलून आला, तो म्हणाला, सुपारीचं झाड, ताडासारखं उंच. मिस्तरी त्या दिवशी घण टेकवून हसला, "आमची पणजी भोपळ्याच्या सावलीत खेळत होती, भाऊसाहेब!"

"मग सुटली कशी?" मी विचारलं होतं.

"सुटली कुठे? ती सत्तावनची मोठी धामधूम झाली तेव्हा मालकांचं घर पळालं. गाड्यांत सामान भरलं. ही आपल्या पोराला घेऊन विहिरीवर होती. सुटली नाही ती, न्यायची राहून गेली."

असं सांगून तो बोटं चाटायचा. दुःखी माणूस नव्हता तो. त्याच्याएवढा खुशाल माणूस मी कारखान्यात पाहिला नाही. बायको, एक मुलगी, संध्याकाळी सदर बाजारात सायकलवर चक्कर, येताना तीळगुळाची गजक. त्याला हवं तरी काय होतं? एकच गोष्ट. ती मला पुढे कळली.

माझा धाकटा भाऊ लवकर गेला. भावजय आणि पुतण्या माझ्याच क्वार्टरमध्ये. पुतण्या रेल्वेत कारकून लागला आणि त्याने मिस्तरीची मुलगी पाहिली, तिने त्याला पाहिलं. मुलगी मॅट्रिक, हुशार, नाकावर राग. दोघांच्या मनात होतं हे आम्हां दोघांनाही दिसत होतं. मला आनंदच झाला. फक्त भावजय फार कुळाची. ती पहिला प्रश्न विचारणार, मूळ गाव कुठलं.

मी मिस्तरीला डब्याआड गाठून म्हटलं, "साताऱ्याकडचं सांग. एखादं गाव ठोकून दे. साताऱ्याला कोण बघायला जातंय?"

त्याने घण खाली ठेवला. "भाऊसाहेब, पणजीला न विचारता दिली होती. मुलीला मी विचारणार. पण पोरगी कुणाच्या घरची आहे हे झाकून दिली, तर तीही सामानातच गेली ना?"

"अरे, मोडेल लग्न!"

"मोडेल."

"पोरगी रडेल."

"रडेल. मीही रडेन. पण सांगणार."

मी म्हटलं, तू हट्टी आहेस. हे म्हणणारा मी, म्हणजे बघा!

बैठक त्याच्याच घरी झाली. पोहे आले, चहा आला. भावजयीने पदर सारखा करून विचारलं, "मूळ गाव कुठलं हो तुमचं?"

मिस्तरीने पणजीची गोष्ट सांगितली. जशी मला सांगितली तशीच, विहिरीपर्यंत. भावजयीच्या हातातली बशी तिथेच राहिली. माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "भाऊजी, म्हणजे लेकावळे?" जुनी मंडळी बटकीच्या वंशाला हेच म्हणत. हळू बोलली तरी खोली केवढी! सगळ्यांनी ऐकलं.

"हो ताई," मिस्तरी म्हणाला. मग मुलीकडे वळला. "आता सगळं उघड आहे. तुला जायचंय का या घरात?"

मुलगी मान वर करून म्हणाली, "मला जायचंय. पण बशी खाली ठेवून, दोन्ही हातांनी कुणी घेणार असेल तर."

पुतण्या लाल झाला. भावजय माझ्याकडे बघत होती. "तुम्ही मोठे. तुम्ही सांगा."

मला इथे खरं लिहायचंय. मी लगेच बोललो नाही. मला सगळं ठाऊक होतं, तरी चारचौघांत तो शब्द ऐकल्यावर माझाही ताठा आडवा आला. लोक काय म्हणतील, भुसावळचे नातलग काय म्हणतील. मिस्तरी माझ्याकडे बघत नव्हता. चटईची काडी उपटत होता. ते पाहिलं आणि माझं मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, "या माणसाच्या घणाखाली मी एवढी वर्षं हात ठेवलाय. माझा होकार आहे."

भावजयीने आधी बशीतले पोहे संपवले. "होकार तर होकार," ती म्हणाली. "पण मांडवात ही गोष्ट नको."

मिस्तरी चहाचे कप गोळा करायला लागला. मला वाटलं, मान्य केलं.

मांडव नगऱ्यातच पडला, दोन्हीकडचा एकच. लग्नाआधी देवक बसवताना भटजी घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात, बाप, आजा, पणजा, आणि आई, आजी, पणजीही. मिस्तरी पाटावर बसला होता. भटजींनी पणज्याचं नाव विचारलं.

"ठाऊक नाही," मिस्तरी म्हणाला. "ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही. पणजीचं घ्या. सगुणी."

भटजी थबकले. झाशीतलेच ते, असलं एकेरी नाव कुणाचं असतं ते त्यांना कळलं. त्यांनी भावजयीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिचं तोंड घट्ट मिटलेलं. मिस्तरी पाटावरून म्हणाला, "गुरुजी, आजवर कुणी घेतलं नाही. एकदा मोठ्याने घ्या. बाई लावून."

एवढंच हवं होतं त्याला.

मी म्हटलं, "घ्या गुरुजी." पण भटजी माझं कशाला ऐकतात? ते भावजयीकडेच बघत राहिले. शेवटी ती म्हणाली, "घ्या ना. अक्षता वाळल्या माझ्या हातात."

भटजींनी नाव घेतलं. सगुणाबाई. मिस्तरीने पळीने पाणी सोडलं, आणि सोडतच राहिला, भटजी पुरे म्हणेपर्यंत.

पुढे दोघेही निवृत्त झालो. मिस्तरी गेला तो दुपारी जेवून, झोपेत. तक्रार न करता. त्याच्या मुलीने माझ्या घरात राज्य केलं आणि भावजयीशी रोज भांडून तिला दीर्घायुषी केली.

गेल्या वर्षी पुतण्याच्या मुलीचं लग्न झालं. देवकाच्या वेळी नवा, तरणा भटजी कागद घेऊन बसला. भावजयीला आता नीट दिसत नाही, पण नावं तीच सांगते. आमच्याकडची सगळी सांगून झाली. भटजी कागद घडी घालायला लागला.

"थांबा," भावजय म्हणाली. "सगुणाबाई राहिल्या."

"त्या कोण आजी?"

"आमच्याच," ती म्हणाली, आणि पूजेचं पुढचं ताट मागवलं.