उजवीकडे उघडणारं छप्पर

सकाळी चहाच्या वेळेला उषावहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे गेले हो…” एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “आणि येताना स्कूटर गेटाबाहेरच लावा. खाली ते छप्पर उघडंच आहे.” आदल्या रात्री पावसाचे चार शिंतोडे पडले होते, म्हणून माझ्या मित्रानं, मधूनं, उठल्या उठल्या खाली जाऊन गाडीचं छप्पर वाळायला उघडलं, वर येऊन चहा मागितला आणि चहा येईपर्यंत बसल्या खुर्चीत मान टाकली. वेळ न लावता मधूनं काही केल्याचं मला तरी हे एकच आठवतं.

आम्ही दोघं पिंपरीच्या एकाच कारखान्यात, माल तपासायच्या विभागात होतो. मी पास केलेला माल मधू परत पाठवायचा, आणि दुपारी माझ्याच डब्यातला खिमा खाऊन “मीठ कमी आहे, इनामदार” असा शेराही मारायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं चारही चाकांना ताकद देणारी, डोंगर चढणारी मोठी गाडी घेतली. कोथरूडमध्ये डोंगर म्हणजे सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर, तो ती गाडी सहज चढायची. सगळे हसले. पण त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. वहिनींना कातडीचं दुखणं जडलं होतं आणि डॉक्टरांनी ऊन पार बंद केलं होतं. पूर्वी दर रविवारी धरणाच्या पाण्याकाठी जाऊन बसणारी ही बाई पडदे ओढून घरात बसायला लागली. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, “पाणी दिसेल असं बसून एकदा चहा प्यायचाय. ऊन तेवढं नको.” दुसऱ्या दिवसापासून मधू छप्पर शोधायला लागला.

हे छप्पर म्हणजे गाडीच्या टपाला लावलेली एक लांबलचक पिशवी. उघडली की त्यातून दांड्या निघतात आणि जपानी पंख्यासारखं कापड बाजूपासून मागपर्यंत फिरत जातं. एका बाजूला सावली आणि मागेही. हिंजवडीच्या वाटेवर असल्या गाड्यांचा साज विकणारं एक दुकान आहे. तिथं आम्ही इतक्या वेळा गेलो की शेवटी शेवटी आम्हाला बघितल्यावर मालक आत जेवायला जायचा. मधू कापड चिमटीत धरायचा, त्यावर पाणी ओतायचा, दांडीला लोंबकळून बघायचा. “अंकल, लेफ्ट की राइट तेवढं सांगा,” विक्रेता काकुळतीला येऊन म्हणाला, “एकाच साइडला बसतं. सगळे लेफ्टच घेतात.”

“सगळे घेतात म्हणून मी घ्यायला ते काय सत्यनारायणाचं तीर्थ आहे?” मधू म्हणाला.

मग सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये तालीम सुरू झाली. कापड नव्हतंच, म्हणून जुनी चादर चार बांबूंवर चढवली. बांबू धरायला मी. मागच्या चाकाला पाठ लावून वहिनींची खुर्ची, शेजारी माझी, आणि आमच्या पायांशी मधूची खडूची रेघ. सूर्य सरकेल तशी मधूची आरोळी यायची, “उषा, पाय आत! इनामदार, तुझेही!” चेअरमन बाल्कनीतून ओरडले, “सामाईक जागेत अनधिकृत बांधकाम चालणार नाही!” मधूनं वर न बघता उत्तर दिलं, “चादर आहे. पाडायची असेल तर वारा येऊ द्या.” असे कितीतरी दिवस गेले. गाडीच्या डाव्या अंगाला कंपाउंडची भिंत होती, त्यामुळे चादर नेहमी उजवीकडेच ताणली जायची. सगळी मापं उजवीकडची, सगळी सावली उजवीकडची. अखेर मधूनं उजवीकडे उघडणारं छप्पर घेतलं. आपला देश डावीकडून चालतो, ही बाब त्या तपासणीत राहून गेली…

ती उघडकीला आली थेट धरणावर. पाणी डावीकडे, काठावर झाड नाही, ऊन रणरणतंय. मधूनं गाडी नियमाप्रमाणे डाव्या कडेला लावली आणि मोठ्या थाटात छप्पर उघडलं, ते सगळं रस्त्यावर! मागून एसटी आली. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, “ओ काका, मांडव कुणाच्या लग्नाचा हाय?” मी म्हटलं, गाडी उलटी फिरवून याच कडेला, पाण्याला लागून लाव, म्हणजे छप्पर पाण्याकडे उघडेल. “विरुद्ध बाजूला? तोंड समोरच्या वाहनांकडे करून?” मधूला भोवळच यायची बाकी होती. बरं, खाली काठावर उतरव म्हटलं, तर म्हणाला, “चिखलात? धुणार कोण?” वहिनी काच वर करून आतच बसल्या होत्या. बॅगेतला थर्मास त्यांनी काढलाही नाही. “सावली रस्त्याला मिळाली. पुण्य लागेल,” एवढंच म्हणाल्या. कोथरूड आल्यावर मधू हळूच म्हणाला, “उषा, डावं घेऊ.” आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दुकानं, पुन्हा कापड चिमटीत. त्या तपासणीतच तो गेला.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा सोसायटीची माणसं त्या छपराखालीच उभी होती. ऊन तापायला लागलं तशी आणखी आत सरकली. ते मिटायची रीत मधूखेरीज कुणालाच माहीत नव्हती. मी एक दांडी ओढायला गेलो तर चेअरमननी माझा हात धरला. डोळे पुसत म्हणाले, “राहू द्या हो. इथं बरोबर बसतंय.” भेटायला येणारी माणसं पुढे कितीतरी दिवस तिथंच बसली. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं हे सांगणारा आता उरला नव्हता.

परवा वहिनींनी बोलावलं. छप्पर कसंबसं मिटून आम्ही निघालो. धरणापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊजी, लावा उलटी.” मी गाडी फिरवून, तोंड समोरच्या वाहनांकडे करून, पाण्याला लागून लावली. मागून मधू ओरडेल असं वाटत होतं. छप्पर उघडलं ते थेट पाण्याकडे. मागच्या चाकाला पाठ लावून वहिनी बसल्या, शेजारी मी. थर्मासमधला चहा ओतला. समोर पाणी चमकत होतं. वहिनींनी कप दोन्ही हातांत धरला आणि पाण्याकडे बघत घोट घेतला. दुपार कलली तसं ऊन जमिनीवरून सरकत सरकत आमच्या चपलांपर्यंत आलं.

आम्ही दोघांनी पाय आत घेतले.