जाईबाईनं माघार घेतली नाही

पक्षाच्या जिल्हा उपाध्यक्षाची निवडणूक म्हणजे अमरावतीत एक ठरलेला सोहळा. जिल्हाध्यक्ष खुशालराव आधीच एक नाव पक्कं करायचे, बाकीचे इच्छुक सभेत उभे राहून माघार घ्यायचे, माघार घेणाऱ्याच्या अंगावर शाल पडायची आणि ‘बिनविरोध’च्या टाळ्या वाजायच्या. अंजनगाव सुर्जीच्या जाईबाईनंही दोनदा अशी शाल घेतली होती, आणि दोन्ही वेळा घरी परतताना मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या.

बाई हिमतीची. नवरा गेल्यावर पानपिंपरीच्या औषधी वेलांचा मळा तिनं एकटीनं सांभाळला. पक्षासाठी गावोगावी सतरंज्या अंथरल्या, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून आणलं. या वेळी अर्ज भरला तो काहीही झालं तरी मागे घ्यायचा नाही, असं ठरवूनच. समोर होता कुलदीप, माजी आमदारांचा भाचा. पोरगा वाईट नव्हता. फक्त पक्षाचं काम त्यानं गाडीच्या काचेतून पाहिलेलं.

बडनेरा रोडवरच्या मंगल कार्यालयात बैठक भरली. खुशालरावांचं भाषण रंगात आलं. “आपला पक्ष म्हणजे कुटुंब. कुटुंबात कुठं मतदान असते काय?” लोक हसले. जाईबाईनं तोंड उघडायच्या आत कुणीतरी मागून येऊन तिच्या खांद्यावर शाल टाकली. टाळ्या सुरूसुद्धा झाल्या.

ती उठली. शाल काढली, नीट घडी घातली आणि खुशालरावांच्या पुढ्यात ठेवली.

“भाऊ, मी माघार कवा घेतली?”

“अवो जाईबाई, काहून घोळ करून राहिल्या? पुढच्या वेळी तुमचाच नंबर.”

“मागच्या वेळीबी तुमी हेच म्हटलं होतं. मले आज मतदान पाह्यजे.”

बडनेऱ्यात शिवणवर्ग चालवणारी सुरैय्या तिची अनुमोदक होती. ती शेजारून म्हणाली, “बसू नका, जाईबाई. मी आहो ना.”

खुशालरावांचा नाइलाज झाला. पण माणूस बेरका! त्यांनी हात वर करून मतदान घ्यायचं ठरवलं, आणि जाईबाईचं नाव आधी पुकारलं. साऱ्यांच्या डोळ्यांदेखत पहिला हात कोण वर करणार? कुणीच केला नाही. तिच्याच जीपमधून आलेल्या बाया मांडीवरच्या पिशव्यांकडे पाहू लागल्या. आपल्याच नावाला आपणच हात वर करणं म्हणजे निर्लज्जपणा, असं पक्षात सारे मानतात. तिनं केला. सरळ, कोपर न वाकवता. मग सुरैय्यानं केला. मग एकेक करत त्या बायांनी, आणि शेवटी दारापाशी उभ्या असलेल्या जुन्या कार्यकर्त्यांनीही.

तरीही ती हरली. कुलदीपच्या बाजूचे हात जास्त भरले. खुशालरावांनी घाम पुसला आणि सवयीनं चिटणीसाला सांगितलं, “लिहा, कुलदीप यांची बिनविरोध...”

“थांबा.” जाईबाई अजून उभीच होती. “विरोधात मी होती. माह्याकडून किती हात होते, ते लिहा. तोवर मी इथून हालत नाही.”

चिटणीस खुशालरावांकडे पाहू लागला, खुशालराव छताकडे. शेवटी कुलदीपच खाली मान घालून म्हणाला, “लिहा ना, काका.”

आकडा लिहिला गेला. जाईबाईनं तो साऱ्या सभेला मोठ्यानं वाचून दाखवायला लावला, आणि ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. पक्षात एवढी वर्षं काढली, पण तिच्या नावानं काही लिहिलं गेलं ते आजच.